झंस्कारच्या बर्फात बसलेला विद्यार्थी

लडाखचे नाव घेतले की हल्ली आपल्या तरुणांच्या डोळ्यांपुढे मोटारसायकली उभ्या राहतात. ज्यांच्या खिशात पैसा आहे ते जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदी गोठते तेव्हा तिच्या बर्फावरून चालायला जातात. त्या गोठलेल्या वाटेला चादर म्हणतात. जावे, आमची हरकत नाही. पण त्याच झंस्कारमध्ये दोनशे वर्षांपूर्वी एक परदेशी माणूस पायी गेला आणि हिवाळाभर एका खोलीत पुस्तके वाचत बसून राहिला, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? आणि त्यांना नसेल तर नसो, आपल्याला तरी ठाऊक आहे काय? आपल्या विहारांत अनागारिक धम्मपालांचे नाव निघते, राहुल सांकृत्यायन यांचे निघते, आपल्या गोव्याच्या धर्मानंद कोसंबींचे तर निघायलाच हवे. अलेक्झांडर चोमा द कोरोश हे नाव मात्र आम्ही फारसे ऐकलेले नाही.

चोमा १७८४ साली ट्रान्सिल्व्हानियातल्या कोरोश नावाच्या खेड्यात जन्मले. आज हे गाव रुमानियात आहे. घर हंगेरियन भाषा बोलणारे, सेकेय समाजाचे. या समाजाकडे पिढ्यान् पिढ्या सरहद्दीची राखण होती आणि त्या सेवेच्या बदल्यात त्यांना मान होता, हक्क होते. आमच्याकडे शिवेची राखण करणाऱ्याला शिवेबाहेरच ठेवले गेले, हा फरक वाचकांनी ध्यानात घ्यावा. घरची स्थिती बेताचीच होती. लहानपणी पायपीट करून ते नागेन्येदच्या शाळेत आले आणि तिथे पडेल ते काम करून शिकले. नागसेनवनात शिकलेल्या आमच्या पिढीला हे वेगळे समजावून सांगायला नको. पुढे जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. भाषांची विलक्षण ओढ होती. आयुष्याच्या अखेरीपर्यंत डझनाहून अधिक भाषा त्यांना अवगत झाल्या.

त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. आपले हंगेरियन लोक मूळचे कुठले? ते मध्य आशियातून आले असावेत, तिथे अजून त्यांचे भाऊबंद असतील, असे त्यांना वाटे. हा तर्क चुकीचा होता. हंगेरियन भाषेचे नाते फिनिश वगैरे भाषांशी आहे, हे पुढे निर्विवाद ठरले. पण चुकीच्या तर्कावर निघालेला हा माणूस चालत मात्र खरोखर राहिला. नोव्हेंबर १८१९ मध्ये त्यांनी घर सोडले. बुखारेस्ट, सोफिया, मग जहाजाने अलेक्झांड्रिया, तिथून सिरियाचा किनारा, अलेप्पो, मोसुल, बगदाद, तेहरान, मशहद, बुखारा, बामियान, काबूल. कधी काफिल्याबरोबर, कधी तराफ्यावरून, बहुतेक पायीच. अंगावर आशियाई पोशाख आणि नाव सिकंदर बेग. मार्च १८२२ मध्ये लाहोर, जूनमध्ये लेह. लेहपासून पुढे यारकंदची वाट परवडणारी नव्हती आणि धोक्याची होती. ते माघारी वळले.

परतीच्या वाटेवर द्रासजवळ त्यांची विल्यम मूरक्रॉफ्ट यांच्याशी गाठ पडली. मूरक्रॉफ्ट हे ईस्ट इंडिया कंपनीचे घोड्यांच्या पैदाशीचे अधिकारी; घोड्यांच्या निमित्ताने मध्य आशियाची पाहणी करीत फिरत होते. त्यांनी चोमांच्या हाती तिबेटी लिपीवरचे एक जुने, चुकांनी भरलेले लॅटिन पुस्तक दिले आणि तिबेटी भाषेचा कोश करण्याचे सुचवले. कंपनीला तिबेटी भाषा कशासाठी हवी होती हे उघड आहे. उत्तरेकडून रशिया येईल ही भीती होती, व्यापार होता, हेरगिरी होती. साम्राज्याच्या पैशातून झालेले हे ज्ञान आहे, हे आम्ही लपवू इच्छित नाही. पण कंपनीचा हेतू एक आणि चोमांनी त्या पैशातून केलेले काम दुसरे, हेही तितकेच खरे.

जून १८२३ मध्ये ते झंस्कारला पोहोचले. हा मुलूख साडेअकरा हजार फुटांच्या वर आहे. पावसाळी ढग हिमालयाच्या अलीकडेच अडतात, म्हणून तिथे पाऊस जवळजवळ नाही. नजर जाईल तिथवर उघडे डोंगर, दगडगोटे, वाळू आणि जिथे बर्फाचे पाणी पाटाने आणता आले तेवढ्यापुरते जवाचे हिरवे तुकडे. थंडीचे वाळवंटच ते. त्या काळी हिवाळा आला की खिंडी बंद होत आणि अर्धे वर्ष बाहेरच्या जगाशी संबंध तुटे. उरे ती गोठलेल्या नदीची वाट. जळण म्हणजे वाळलेले शेण, तेही चुलीपुरते. हिवाळ्यात माणसे घरातल्या खालच्या खोलीत जनावरांच्या उबेला राहत.

अशा मुलखात झांगला नावाच्या गावी, तिथल्या छोट्या राजाच्या वाड्यात, चोमा राहिले. शिकवायला लामा होते सांग्ये फुंत्सोग. वैद्यक, व्याकरण, ज्योतिष, धर्मग्रंथ, सगळ्यांत त्यांची गती होती. खोली साधारण नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद. तीत लामा, चोमा आणि एक नोकर. हिवाळ्याचे तीन-चार महिने ती खोली सोडून बाहेर पडणेच अशक्य झाले. शेगडी नाही. अंधार पडल्यावर दिवा नाही. अंथरुण म्हणजे जमीन. मेंढीच्या कातड्याचा झगा अंगाभोवती घट्ट ओढून, हात काखेत दाबून हा माणूस सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाचीत बसे. थंडी अशी की पान उलटण्यासाठी हात बाहेर काढायचा तर मनाची तयारी करावी लागे. खाणे म्हणजे जवाचे सातू आणि लोणी घातलेला चहा. पुढे डॉक्टर जेरार्ड नावाच्या इंग्रज गृहस्थांनी त्यांची भेट घेतली आणि ही हकीकत लिहून ठेवली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. चोमा स्वतः आपल्या हालांविषयी बोलणारे नव्हते. त्या मुक्कामात त्यांनी चाळीस हजार तिबेटी शब्द गोळा करून लावून ठेवले.

ते काय वाचत होते? कांग्यूर आणि तांग्यूर. कांग्यूर म्हणजे बुद्धवचनाचे भाषांतर, तांग्यूर म्हणजे त्यावरच्या शास्त्रांचे आणि टीकांचे भाषांतर. मिळून तीनशेहून अधिक पोथ्या. भाषांतर कशावरून? बहुतांशी भारतातल्या संस्कृत ग्रंथांवरून! नालंदा, विक्रमशीलाचे पंडित आणि तिबेटी अनुवादक जोडीने बसून हे काम शेकडो वर्षे करीत होते, आणि पुष्कळ ग्रंथांच्या शेवटी दोघांचीही नावे लिहिलेली आहेत. इकडे मायदेशात विहार पडले, भिक्खू मारले गेले, ग्रंथ गेले. बाबासाहेबांनी ब्राह्मणी प्रतिक्रांतीचा आणि बाहेरच्या आक्रमणांचा असा दोन्हींचा हिशेब मांडलेला आहे, तो इथे पुन्हा सांगत नाही. आमच्या बापजाद्यांची दौलत बर्फाने राखली, एवढे खरे.

त्या दौलतीत काय आहे याचे एकच उदाहरण देतो. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीचा प्रमाणवार्तिक हा ग्रंथ तांग्यूरमध्ये आहे. वेदाला प्रमाण मानणे, जगाचा कोणी कर्ता मानणे, स्नानाने पुण्य लाभते असे समजणे, जातीचा गर्व बाळगणे आणि पाप धुवायला देहाला ताप देणे या पाच गोष्टी बुद्धी मेल्याच्या खुणा आहेत, असे धर्मकीर्ती सांगतात. याचे मूळ संस्कृत हस्तलिखित पुढे विसाव्या शतकात राहुलजींनी तिबेटमधून शोधून आणले. तोवर ते तिबेटी भाषेत जिवंत होते.

आणि इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. लडाखच्या बौद्ध समाजात मोन, गारा, बेडा म्हणून समूह आहेत. वाजंत्री, लोहार, फिरते कलावंत. त्यांना हलके लेखले जाई, त्यांच्याशी सोयरीक टाळली जाई आणि हे सारे अजून पुरते गेलेले नाही. १९८९ च्या आदेशाने ते अनुसूचित जमातींच्या यादीत आले. जातीच्या गर्वावर प्रहार करणारा धर्मकीर्ती गोंपाच्या फळीवर कापडात गुंडाळलेला आणि गारा मात्र पंगतीच्या टोकाला! पोथीची पूजा झाली, वाचन झाले नाही की असे होते. आपल्या विहारातल्या काचेच्या कपाटात बाबासाहेबांचे खंड आहेत, त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे एकदा विचारून पाहावे.

ऑक्टोबर १८२४ मध्ये, खिंडी बंद होण्याआधी, चोमा खाली उतरले आणि नोव्हेंबरात सिमल्याजवळच्या सबाथू छावणीत पोहोचले. तिथे इंग्रजांनी त्यांना हेर समजून अडकवून ठेवले. आम्ही कोर्टात वावरणारी माणसे. आरोप न ठेवता माणूस ताटकळत ठेवणे म्हणजे काय ते रोज पाहतो. चोमांनी काय केले, तर आपला सगळा प्रवास तारीखवार लिहून काढला आणि सादर केला. आज त्यांच्या प्रवासाच्या तारखा आपल्याला इतक्या नेमक्या ठाऊक आहेत त्या या जबाबामुळेच. अखेर संशय फिटला आणि कंपनीने दरमहा पन्नास रुपये मंजूर केले.

पुन्हा झंस्कार. या खेपेला फुक्ताल. ही गोंपा कड्यातल्या प्रचंड गुहेला चिकटून बांधलेली आहे, नदीच्या वर मधमाशांच्या पोळ्यासारखी. ऑगस्ट १८२५ ते नोव्हेंबर १८२६ असा मुक्काम झाला, पण लामांचे लक्ष उडालेले होते आणि अपेक्षेइतके काम झाले नाही. नोव्हेंबरात निघून, हिवाळ्याचे डोंगर ओलांडून ते जानेवारी १८२७ मध्ये सबाथूला आले. नंतरची तीन वर्षे किन्नौरमधल्या कानम गावी गेली. पन्नास रुपयांतले निम्मे ते गुरूला देत. उरलेल्या पैशांत नोकर, घरभाडे, चहा, सातू. जेरार्ड यांनी मदत देऊ केली ती घेतली नाही.

१८३१ मध्ये ते कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत आले आणि १८३४ मध्ये तिबेटी-इंग्रजी कोश आणि तिबेटी व्याकरण अशी दोन पुस्तके सरकारी खर्चाने छापून निघाली, प्रत्येकी पाचशे प्रती. कोशाच्या पहिल्याच पानावर झंस्कारचे विद्वान लामा सांग्ये फुंत्सोग यांच्या साहाय्याने तयार केलेला, असे स्पष्ट छापलेले आहे. त्या काळी साहेबांना शिकवणारे पंडित आणि मुन्शी पुस्तकाच्या नावातून सर्रास गायब होत. चोमांनी गुरूचे नाव स्वतःच्या नावाच्या आधी घातले. आमच्या मते त्यांच्या थोरवीचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे.

त्यानंतर त्यांनी काठमांडूहून ब्रायन हॉजसन यांनी मिळवून दिलेल्या कांग्यूर-तांग्यूरच्या पोथ्यांत काय काय आहे याचे विवरण इंग्रजीत लिहिले. त्याच्या आणि हॉजसनच्या सामग्रीच्या आधारावर पॅरिसमध्ये बर्नूफ यांनी १८४४ साली भारतीय बौद्ध धर्माच्या इतिहासावरचा आपला ग्रंथ काढला आणि युरोपात बुद्धाचा अभ्यास पायावर उभा राहिला. आपल्याकडे केळुसकर गुरुजींनी मराठीत बुद्धचरित्र लिहिले ते १८९८ मध्ये, आणि तेच पुस्तक पुढे मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हातात पडले. गुरुजींनी लेखणी उचलली तेव्हा बुद्धाविषयीचे लेखन अर्धशतक पुढे सरकलेले होते. त्या अर्धशतकाच्या आरंभी झांगल्याची ती खोली आहे.

चोमा बौद्ध झाले नाहीत, ख्रिस्तीच राहिले. कलकत्त्यात सोसायटीचे ग्रंथपाल म्हणून पुस्तकांच्या पेट्यांच्या गराड्यात राहत. फेब्रुवारी १८४२ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, ल्हासाला जायचे म्हणून पुन्हा निघाले. ल्हासातले ग्रंथ पाहायचे होते, त्यात आपल्या लोकांच्या मुळाचा माग लागेल ही जुनी आशाही होती. तराईत हिवतापाने गाठले. २४ मार्चला दार्जिलिंगला पोहोचले, ११ एप्रिलला गेले. मागे राहिले ते पुस्तकांचे आणि कागदांचे चार पेटारे, नेहमी वापरायचा निळा पोशाख, काही सदरे आणि स्वयंपाकाचे एक भांडे.

कबर दार्जिलिंगमध्ये आहे, केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत तिची नोंद आहे. १९३३ मध्ये टोकियोच्या तायशो विद्यापीठात बोधिसत्त्वाच्या रूपातली त्यांची मूर्ती ठेवण्यात आली. महाव्युत्पत्ती नावाच्या, हजार वर्षांपूर्वीच्या संस्कृत-तिबेटी शब्दसंग्रहाचे त्यांनी केलेले इंग्रजी रूपांतर कलकत्त्यात तसेच पडून होते. त्याची छपाई १९१० मध्ये सुरू झाली आणि १९४४ मध्ये संपली. झांगल्याचा वाडाही ढासळत आलेला होता. २००८ पासून हंगेरीहून तरुण मुले-मुली उन्हाळ्यात तिथे येतात, गावकऱ्यांबरोबर मातीच्या विटा पाडतात आणि भिंती सावरतात. चोमांची खोली त्यांनी पुन्हा उभी केली आहे.