शेठ जमनालालजी बजाज यांचे विद्याकार्य

वर्धा नगरीतील बजाज चौकातून आपण नित्य ये-जा करतो. परंतु ज्या पुरुषाचे नाव त्या चौकाला लाभले आहे, त्याच्या चरित्राचे स्मरण आपल्यापैकी किती जणांस राहिले असेल याची शंका वाटते. शेठ जमनालालजी बजाज हे महात्माजींचे मानलेले पाचवे पुत्र, काँग्रेसचे खजिनदार आणि थोर दानशूर पुरुष, एवढे बहुतेकांस ठाऊक असते. त्यांच्या राजकीय कार्यावर आणि देणग्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राची एकच बाजू मांडण्याचा अल्पसा यत्न केला आहे. मुलांची शाळा, तरुणांचे महाविद्यालय आणि शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रीपुरुषांचे शिक्षण ही तीन वेगवेगळी खाती नसून एकाच कार्याची तीन अंगे आहेत, हे सत्य त्यांच्या आयुष्यक्रमातून प्रत्ययास येते. मॅट्रिकच्या पुढे न शिकलेल्या आणि सारी हयात शाळेत शिकविण्यात घालविलेल्या माझ्यासारख्या शिक्षकास ते फार उशिरा उमगले. म्हणूनच ते समाजबंधुभगिनींपुढे ठेवावेसे वाटते.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात सीकरजवळील काशी का बास या खेड्यात एका सामान्य स्थितीतील कुटुंबात झाला. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांच्या घराण्यात वंशाला आधार उरला नव्हता. त्यांनी या बालकास नातू म्हणून दत्तक घेतले आणि वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास ते वर्ध्यास आले. वाळवंटातील खेडे सुटले आणि कापसाच्या गाठींनी गजबजलेली वर्ध्याची पेठ त्यांचे घर झाली.

शाळेचे शिक्षण त्यांना जेमतेम चार वर्षे मिळाले. त्या काळी व्यापाऱ्याच्या मुलाला वाचता-लिहिता आले, हिशेब जमला आणि वही-खाते समजले की त्याची विद्या पुरी झाली असे मानीत. दहाव्या-अकराव्या वर्षी पाटी सुटली ती कायमची. पुढे बालवयातच जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला. अशा मुलाने पेढीवर बसावे, संपत्ती वाढवावी आणि ज्ञातीत मान मिळवावा, हाच त्या काळचा क्रम होता. परंतु या मुलाची जिज्ञासा शाळेबरोबर संपली नाही. खर्चासाठी मिळणाऱ्या पैशांतून शिल्लक टाकून त्यांनी लोकमान्यांच्या केसरीच्या हिंदी आवृत्तीसाठी शंभर रुपये दिले. वर्तमानपत्र ही मोठ्या माणसांची शाळाच होय, हे त्या मुलास त्या वयात कळले असेल वा नसेल. पण त्याचे पहिले विद्यादान अशा शाळेसाठी झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सतराव्या वर्षी घडलेला प्रसंग त्यांच्या वृत्तीवर प्रकाश टाकतो. एका लग्नसमारंभाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा संतापले आणि त्यांनी संपत्तीचा उल्लेख करून कठोर शब्द सुनावले. तरुण जमनालालजींनी एक पत्र लिहून त्या सर्व संपत्तीवरील हक्क सोडला आणि ते घराबाहेर पडले. आजोबांना पश्चात्ताप झाला व त्यांनी नातवाला परत आणविले. थोड्याच काळात बच्छराजजी निवर्तले आणि इस्टेट जमनालालजींच्या हाती आली. तथापि ज्या धनाचा एकदा त्याग केला ते आपले नव्हे, आपण केवळ त्याचे विश्वस्त आहोत, ही भावना त्यांच्या मनात कायम राहिली. महात्माजींनी विश्वस्ततेचा विचार देशापुढे मांडला त्याआधीच तो या व्यापाऱ्याच्या आचरणात उतरला होता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

धन लोकांचे आहे असे ठरल्यावर ते कोठे लावावे हा प्रश्न उरतो. जमनालालजींनी आरंभ केला तो स्वज्ञातीपासून. १९१० च्या सुमारास त्यांनी वर्ध्यात मारवाडी विद्यार्थिगृह काढले. त्यास जोडून मारवाडी विद्यालय उभे राहिले. आणि १९१४ साली या कामासाठी शिक्षा मंडळ ही संस्था स्थापन झाली. वर्ध्याचे वकील श्रीकृष्णदासजी जाजू यांचे साहाय्य त्यांना या कार्यात लाभले. व्यापारी ज्ञातीतील मुलांनी पेढीवर बसण्यापूर्वी चार बुके अधिक वाचावीत, आपली गती त्यांची होऊ नये, ही तळमळ त्यामागे स्पष्ट दिसते. ज्याची शाळा लवकर सुटली, त्यालाच शाळेची किंमत अधिक कळते.

यापुढील भाग आपणां ज्ञातिसंस्था चालविणाऱ्यांनी विशेष मनन करण्याजोगा आहे. स्वज्ञातीपासून आरंभ करणारे पुष्कळ असतात. तेथून पुढे जाणारे विरळा. १९२० साली नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाचे स्वागताध्यक्षपद जमनालालजींनी भूषविले आणि त्याच वेळी त्यांनी स्वतःला महात्माजींच्या चरणी पुत्रभावाने अर्पण केले. पुढील वर्षी, ८ एप्रिल १९२१ रोजी, त्यांच्या आग्रहावरून विनोबाजी वर्ध्यास आले व येथे सत्याग्रहाश्रम सुरू झाला. सरकारने दिलेली रायबहादुर ही पदवी त्यांनी असहकाराच्या काळात परत केली. १९२८ च्या जुलै महिन्यात त्यांनी आपल्या घराण्याचे श्रीलक्ष्मीनारायण मंदिर हरिजन बांधवांस खुले केले. ज्ञातीतील सनातनी मंडळींचा रोष त्यांनी शांतपणे पत्करला. देवळाचे दार ज्याने उघडले त्याच्या शाळेचे दार बंद कसे राहील? मारवाडी विद्यालयाचे नाव पुढे नवभारत विद्यालय झाले. नुसत्या नावाचा हा पालट नव्हता. ज्ञातीने लावलेले रोप सर्वांच्या अंगणात वाढू लागल्याची ती खूण होती.

मुलांची सोय झाली. परंतु ज्यांचे शाळेचे वय निघून गेले त्यांचे काय? जमनालालजी स्वतः त्याच वर्गातले. त्यांची विद्या पेढीवर, सभांत, प्रवासात, वर्तमानपत्रांत आणि तुरुंगात झाली. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबाजींनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि जी साने गुरुजींनी टिपून घेतली, ती ऐकणाऱ्या बंदिजनांत जमनालालजीही होते. चाळिशी ओलांडलेला लक्षाधीश आठवड्यामागून आठवडे तुरुंगात बसून विद्यार्थी होतो, याहून प्रौढशिक्षणाचे बोलके उदाहरण कोणते? घरातही तेच घडले. जानकीदेवींचे शालेय शिक्षण नाममात्र होते; पण पडदा आणि दागिने टाकून त्या सार्वजनिक कार्यात उतरल्या, सभांतून बोलू लागल्या आणि पुढे आपले आत्मचरित्र सांगून गेल्या. १९५६ साली त्यांस पद्मविभूषण मिळाले.

या अनुभवातूनच की काय, जमनालालजींचे पाठबळ ज्या संस्थांना लाभले त्यांत वय वाढलेल्यांची सोय ठायी ठायी आढळते. १९२५ साली त्यांच्या प्रेरणेने सस्ता साहित्य मंडळ निघाले. अक्षरओळख झालेल्या गरीब माणसाच्या हाती स्वस्त आणि चांगले पुस्तक पडावे हा त्याचा उद्देश. वर्ध्याच्या महिलाश्रमात विवाहित व विधवा भगिनींनाही शिकण्याची वाट मिळाली. १९३४ साली ग्रामोद्योग संघ निघाला तेव्हा त्यांनी आपली बाग आणि तेथील घर त्यास दिले; तीच आजची मगनवाडी. तेथे डॉ. कुमारप्पांच्या देखरेखीखाली ग्रामसेवक तयार होऊ लागले. १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समितीचे कार्य वर्ध्यात सुरू झाले. तिच्या परीक्षांना शाळकरी मुलांच्या बरोबरीने नोकरदार, दुकानदार आणि गृहिणीही बसत. दिवसा मुलांना शिकविणारे शिक्षक सायंकाळी हिंदीचे वर्ग घेत. एकच इमारत आणि एकच फळा दोन पिढ्यांच्या उपयोगी पडे. शाळा आणि प्रौढशिक्षण यांचा मेळ कसा घालावा, यावर पुढे समित्या नेमल्या गेल्या. तो मेळ आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीने या वर्गांतून साधला होता.

१९३७ हे वर्ष वर्ध्याच्या शैक्षणिक इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्याजोगे आहे. विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने २२ आणि २३ ऑक्टोबर रोजी तेथे राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. महात्माजी अध्यक्षस्थानी होते. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर, मध्यप्रांताचे रविशंकर शुक्ल आदी मंत्री उपस्थित होते. मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या द्वारे, सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे असा विचार तेथे झाला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याच वर्षअखेर त्याची योजना सिद्ध केली. १९३८ साली हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला. त्याचे चिटणीस आर्यनायकम आणि त्यांच्या पत्नी आशादेवी हे दांपत्य वर्ध्यास प्रथम आले ते जमनालालजींच्या विद्यालयाच्या कामासाठी. ज्या शेगावात हा संघ पुढे नांदला आणि ज्यास १९४० पासून आपण सेवाग्राम म्हणतो, त्या खेड्याच्या मालगुजारीतील मोठा हिस्साही जमनालालजींचाच होता. एका ज्ञातीच्या मुलांसाठी काढलेल्या विद्यार्थिगृहापासून निघालेली वाट पंचवीस-सत्तावीस वर्षांत सबंध देशाच्या शिक्षणविचारापर्यंत पोहोचली.

१९४० साली शिक्षा मंडळाने शेठ गोविंदराम सेकसरिया यांच्या नावाने वाणिज्य महाविद्यालय सुरू केले. विद्यालयातून निघालेल्या मुलास पुढील शिक्षणाची वाट गावातच मिळाली. वैयक्तिक सत्याग्रहातील कारावासानंतर जमनालालजींची प्रकृती ढासळली होती. त्यांनी अखेरचे दिवस गोसेवेस वाहिले आणि गोपुरीत साध्या झोपडीत वास्तव्य केले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यात त्यांचे अकस्मात देहावसान झाले. वय अवघे बावन्न वर्षांचे होते.

त्यांच्या पश्चात, जानेवारी १९४५ मध्ये, सेवाग्रामच्या परिषदेत नई तालीमची मर्यादा वाढविण्यात आली. सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती असलेली योजना आता जन्मापासून अखेरपर्यंतच्या शिक्षणाची झाली. पूर्वबुनियादी, बुनियादी, उत्तरबुनियादी आणि प्रौढशिक्षण अशी तिची अंगे ठरली. कारण उघड होते. शाळेत मूल स्वच्छता शिकते आणि घरी आई-बापांस ती ठाऊक नसेल, तर दिवसाची विद्या संध्याकाळी पुसली जाते. हा विचार पूर्णत्वास गेलेला पाहणे जमनालालजींच्या नशिबी नव्हते. पण त्यांचे स्वतःचे आयुष्य हाच त्याचा पहिला पाठ होता. १९५९ साली साताऱ्यास आरंभ झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत प्राथमिक शाळेच्या शिक्षकांनी रात्री प्रौढांना शिकविले, तेही याच वाटेवरचे पाऊल होय. २०२२ साली आखलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही शाळेलाच कार्याचे केंद्र मानण्यात आले आहे.

येथे एक स्वानुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. नोकरीच्या आरंभी, चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी, जिल्ह्यातील एका खेड्यात मी कंदिलाच्या उजेडात प्रौढवर्ग घेत असे. शेतमजुरी करणारी एक बाई त्या वर्गात सही करण्यास आणि मोठ्या अक्षरांतील गोष्टी वाचण्यास शिकली. वर्ग संपला तेव्हा तिने विचारले की आता पुढची इयत्ता कोठे आहे. मजजवळ उत्तर नव्हते. शाळा मुलांची, महाविद्यालय मॅट्रिक झालेल्यांचे. मधल्या माणसाला कोणी दार ठेवले नव्हते. काही वर्षांनी ती बाजारात भेटली. मधल्या काळात अक्षरे विसरली होती, सही तेवढी उरली होती. तिला शिकविले याचे समाधान मानावे, की अर्ध्या वाटेवर सोडले याची खंत, हे मला आजतागायत ठरविता आलेले नाही. सायंकाळी शाळेची एक खोली उघडी ठेवून तिचा हात पुढच्या पुस्तकापर्यंत नेणे माझ्या आवाक्यात होते. ते मला त्या वेळी सुचले नाही.

आपल्या मंडळाचे वसतिगृह आज चांगल्या स्थितीत आहे. मुले शिकतात, गुणवंतांचा सत्कार होतो, हे भूषणावह आहे. परंतु त्याचा सभामंडप सायंकाळी सहानंतर रिकामा असतो. अर्धवट शाळा सुटलेल्या, पुढे शिकू इच्छिणाऱ्या प्रौढ स्त्रीपुरुषांसाठी तो खुला करावा. त्यांस अक्षरओळखीपासून बाहेरून दहावीस बसण्यापर्यंत आणि तेथून महाविद्यालयाच्या दारापर्यंत सोबत करावी. वसतिगृहातील वरच्या वर्गांच्या मुलांनी आणि आम्हां निवृत्त शिक्षकांनी शिकविण्याचा भार वाहावा. आणि येणाऱ्यास त्याची ज्ञात विचारू नये, अशी नम्र सूचना मी करू इच्छितो. विद्यार्थिगृहापासून आरंभ करून जमनालालजी जेथवर पोहोचले तेथवर जाण्याची शक्ती आपणांत नसेल; पण ज्या दिशेने ते गेले ती दिशा आपल्या दारातूनही जाते. शिकविण्यासाठी आठवड्यातील तीन सायंकाळी देण्यास मी स्वतः तयार आहे. मंडळाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, हीच विनंती.