विश्लेषण : गाण्यांची पुस्तके विकायला निघालेल्या चौघांतून ‘सदर्न गॉस्पेल’ कसे उभे राहिले? कोण होते जेम्स व्हॉन?

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत आजही चार-पाच जणांचे असंख्य हौशी गानसंघ आहेत. आठवडाभर नोकरी-धंदा करायचा, शनिवारी-रविवारी गाडी काढून शेजारच्या गावातील चर्च गाठायचे, देवाची गाणी गायची, दाराशी टेबल मांडून आपल्या ध्वनिमुद्रिका विकायच्या आणि लोक स्वखुशीने देतील त्या रकमेत पेट्रोलचा खर्च भागवायचा, असा त्यांचा शिरस्ता. या कामाला ते संगीतसेवा म्हणतात आणि ही सेवा आपल्या गावापलीकडे कशी वाढवायची, हा त्यांच्यापुढचा कायमचा प्रश्न असतो. सव्वाशे वर्षांपूर्वी टेनेसी राज्यातील एका शाळामास्तरापुढे हाच प्रश्न होता. त्याने काढलेल्या उत्तरातून एक संगीतप्रकार आणि एक उद्योग जन्माला आला. मात्र त्याला जे साधायचे होते, ते त्याच यशामुळे मागे पडले.

सदर्न गॉस्पेल म्हणजे काय?

दक्षिणेतील गोऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती समाजात वाढलेले हे भक्तिसंगीत. चार पुरुष आवाजांचा संघ, म्हणजे ‘क्वार्टेट’, ही त्याची जुनी ओळख. सर्वात वरचा टेनर, चाल सांभाळणारा दुसरा टेनर, मधला बॅरिटोन आणि खर्जातला बास. चौघे एकच ओळ एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गातात आणि त्या सुरांच्या मेळातून गाणे भरते. साथीला बहुधा पियानो. ‘सदर्न गॉस्पेल’ हे नाव मात्र बरेच नंतर रूढ झाले. ज्यांना या परंपरेचे जनक मानले जाते, त्या जेम्स डेव्हिड व्हॉन यांच्या काळात ही केवळ गॉस्पेल गाणी होती.

एल्व्हिस प्रेस्लीला जग रॉक अँड रोलसाठी ओळखते. पण त्याला मिळालेले तिन्ही स्पर्धात्मक ग्रॅमी पुरस्कार भक्तिगीतांसाठी होते. तरुणपणी तो मेम्फिसमध्ये रात्रभर चालणाऱ्या क्वार्टेटच्या मैफलींना हजेरी लावत असे. सन १९७१पासून अखेरपर्यंत त्याच्यामागे उभ्या राहून गाणाऱ्या ‘स्टॅम्प्स क्वार्टेट’च्या नावाचा धागाही व्हॉन यांच्या कंपनीपर्यंत पोहोचतो.

व्हॉन यांची सुरुवात कशी झाली?

व्हॉन यांचा जन्म १४ डिसेंबर १८६४ रोजी टेनेसीच्या जाइल्स काउंटीत झाला. अमेरिकी यादवी युद्ध तेव्हा संपत आले होते. दक्षिणेचा पराभव झाला, शेतीची वाताहत झाली. अशा काळातील खेड्यांत करमणूक आणि शिक्षण यांचा एक स्वस्त मार्ग होता, तो म्हणजे गानशाळा. फिरता शिक्षक गावात येई, दोन-तीन आठवडे मुक्काम करी आणि चर्चमध्ये किंवा शाळेच्या खोलीत लहानथोरांना स्वरलिपी वाचून गायला शिकवी. व्हॉन अशाच शाळेत शिकले आणि विशी गाठण्याआधी स्वतः शिकवू लागले. चार्ल्स, जॉन आणि विल या आपल्या तीन भावांना घेऊन त्यांनी घरचाच चौघांचा संघ बांधला.

सन १८९०मध्ये त्यांचा जेनी फ्रीमन यांच्याशी विवाह झाला आणि पुढे हे कुटुंब टेक्सासमधील सिस्को येथे गेले. तेथे संगीताचे पुढचे शिक्षण झाले. पण एप्रिल १८९३मध्ये चक्रीवादळाने सिस्को गाव उद्ध्वस्त केले. व्हॉन यांचे घरही गेले. ते टेनेसीला परतले, शाळेत शिकवू लागले आणि उरलेल्या वेळात गाणी रचू लागले. आपल्या मुलाच्या नावात त्यांनी ‘कीफर’ हे नाव घातले होते. अल्डीन कीफर हे व्हर्जिनियातील प्रकाशक आणि दक्षिणेतील गानशिक्षणाचे अध्वर्यू. घरातील मुलाला गानशिक्षकाचे नाव देण्याइतकी ती ओढ होती.

आकारांची स्वरलिपी काय होती?

व्हॉन यांच्या कामाचा पाया या लिपीत होता. पाश्चात्त्य स्वरलिपीत सूर ओळखायचा तर तो कोणत्या रेषेवर आहे आणि गाण्याची पट्टी कोणती, हे दोन्ही पाहावे लागते. आकारांच्या लिपीत प्रत्येक स्वराच्या चिन्हालाच वेगळा आकार दिलेला असतो. ‘डो’ त्रिकोणी, ‘मी’ पत्त्यांतल्या चौकटसारखा, ‘सोल’ गोल, ‘ला’ चौरस. पट्टी बदलली तरी आकार बदलत नाही. काळी एक असो वा पांढरी चार, ‘सा’ हा ‘सा’च, हे सरगम शिकलेल्या कोणालाही चटकन कळेल, तेच तत्त्व येथे कागदावर उतरले होते. चार आकारांची लिपी १९व्या शतकाच्या आरंभी आली, सात आकारांची शतकाच्या मध्यास. पियानो न पाहिलेला शेतकरीही त्यामुळे पंधरवड्यात नवे गाणे वाचून गाऊ शके.

या साक्षरतेतून गायन संमेलने वाढली. गावोगावचे लोक एका जागी जमत, स्वरांच्या भागांनुसार बसत आणि कधी न पाहिलेली गाणी पुस्तक उघडून थेट गात. श्रोता असा कोणी नसेच. आलेला प्रत्येक जण गायक. नवे गाणे पहिल्या फटक्यात वाचण्यातच मौज असल्याने दरवर्षी नवे पुस्तक लागे. कागदी बांधणीची, स्वस्त, खिशाला परवडणारी अशी ही पुस्तके. व्हॉन यांनी नेमकी ही गरज हेरली.

पहिला पगारी क्वार्टेट का निघाला?

व्हॉन यांचे ‘गॉस्पेल चाइम्स’ हे पहिले पुस्तक १९००मध्ये निघाले. दोन वर्षांनी ते लॉरेन्सबर्ग येथे आले. अलाबामाच्या सीमेजवळचे हे काउंटीचे लहान मुख्य गाव. तेथे त्यांनी प्रकाशनाचा व्यवसाय थाटला. अडचण एकच होती. पुस्तक दुकानात ठेवून खपत नसे, कारण गाणे छापील पानावर ऐकू येत नाही. ते कोणी तरी गाऊन दाखवावे लागते.

सन १९१०मध्ये व्हॉन यांनी चार गायकांना पगारावर ठेवले आणि दौऱ्यावर धाडले. धाकटे बंधू चार्ल्स या संघाचे प्रमुख. सोबत जॉर्ज सेब्रेन, जो ॲलन आणि आयरा फाउस्ट. चर्च, धर्मसभा, शाळा, गायन संमेलने, जेथे लोक जमतील तेथे या चौघांनी नव्या पुस्तकातील गाणी गायची आणि कार्यक्रम संपल्यावर पुस्तके विकायची, असा बेत होता. गाण्यावर पैसे कमवायचे नव्हते. गाणे ही जाहिरात होती. दोन-तीन वर्षांतच पुस्तकांची विक्री दुपटीच्या पुढे गेली. संस्थेसाठी गाणाऱ्यांना दौऱ्यावर धाडण्याचे उदाहरण टेनेसीतच होते. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा ‘ज्युबिली सिंगर्स’ हा संघ १८७१पासून विद्यापीठासाठी निधी गोळा करत फिरला होता. मात्र गाण्यांच्या प्रकाशकाने केवळ पुस्तकांच्या प्रचारासाठी पगारी क्वार्टेट नेमणे, ही गोष्ट नवी होती.

एका संघाचा उद्योग कसा झाला?

व्हॉन यांची खरी चतुराई पुढच्या साखळीत होती. सन १९११मध्ये त्यांनी लॉरेन्सबर्गला संगीतशाळा काढली. तेथे तयार झालेले शिक्षक गावोगावी गानशाळा भरवत आणि शिकवायला व्हॉन यांचीच पुस्तके वापरत. सन १९१२मध्ये मासिक सुरू झाले. त्यातून नव्या गाण्यांच्या, संमेलनांच्या आणि गायकांच्या बातम्या घरोघरी जात. शाळेतून गायक, गायकांतून संघ, संघामुळे पुस्तकांना मागणी, पुस्तकांच्या पैशांतून पुन्हा शाळा, असे हे चक्र होते. वीसचे दशक संपताना व्हॉन यांच्याकडे १६ क्वार्टेट असल्याचे सांगितले जाते.

तंत्रज्ञानालाही ते घाबरले नाहीत. सन १९२१मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढल्या. सदर्न गॉस्पेलच्या या पहिल्या तबकड्या मानल्या जातात. पुढच्याच वर्षी लॉरेन्सबर्गमध्ये ‘डब्ल्यूओएएन’ हे रेडिओ केंद्र सुरू झाले. टेनेसीतील अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी हे एक. कंट्री संगीताची पंढरी ठरलेल्या नॅशव्हिलचे ‘डब्ल्यूएसएम’ केंद्र त्यानंतर तीन वर्षांनी आले, तर मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू व्हायला १९२७ उजाडले. सन १९२३ ते १९२७ या काळात व्हॉन लॉरेन्सबर्गचे महापौरही होते.

या कामाला काळी बाजू होती का?

होती. हे सारे विश्व वर्णभेदाच्या भिंतीआत उभे होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांची स्वतःची समृद्ध क्वार्टेट परंपरा होती. पण दोन्ही समाजांची चर्च वेगळी, संमेलने वेगळी. व्हॉन जन्मले त्याच जाइल्स काउंटीतील पुलास्की गावी १८६५मध्ये ‘कु क्लक्स क्लॅन’ या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची स्थापना झाली होती. वीसच्या दशकात ती पुन्हा फोफावली, तेव्हा व्हॉन यांच्या कंपनीने क्लॅनची भलामण करणारे गाणेही ध्वनिमुद्रित केले. घरोघरी आईच्या प्रार्थनेची आठवण जागवणारी गाणी पोहोचवणाऱ्या कंपनीच्या यादीत हेही गाणे आहे. त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब मांडताना ते वगळता येत नाही.

साम्राज्याला तडे कसे गेले?

पहिला धक्का घरातूनच बसला. टेक्सासमधील शाखा सांभाळणारे व्हर्जिल स्टॅम्प्स यांनी १९२४मध्ये बाहेर पडून स्वतःची कंपनी काढली. पुढे जे. आर. बॅक्स्टर भागीदार झाले आणि ‘स्टॅम्प्स-बॅक्स्टर’ ही व्हॉन यांची सर्वात मोठी प्रतिस्पर्धी कंपनी ठरली. शाळा, मासिक, पुस्तके, क्वार्टेट, रेडिओ, सारा नमुना व्हॉन यांचाच होता. शिकवण्यावर उभ्या राहिलेल्या धंद्यात शिष्य स्पर्धक होणे अटळ होते.

दुसरा धक्का महामंदीचा. सन १९२९नंतर कापसाचे भाव कोसळले आणि ज्या शेतकऱ्यांच्या खिशावर ही पुस्तके चालत, ते खिसेच रिकामे झाले. लॉरेन्सबर्गचे रेडिओ केंद्र १९३०मध्ये हातातून गेले. शाळा आणि प्रकाशन मात्र व्हॉन यांनी बंद पडू दिले नाही. नाझरीन पंथाच्या चर्चशी त्यांचे नाते होते आणि गाणे ही ईश्वरसेवा आहे, या श्रद्धेवर त्यांचे काम सुरू राहिले.

तिसरा बदल सर्वात खोल होता आणि तो यशातून आला. क्वार्टेट इतके सफाईने गाऊ लागले की लोकांना पुस्तक घेऊन स्वतः गाण्यापेक्षा त्यांना ऐकणे अधिक आवडू लागले. रेडिओ आणि तबकड्यांनी त्यात भर घातली. तीस आणि चाळीसच्या दशकांत गायक प्रकाशकांच्या पगारातून मोकळे झाले, तिकीट लावून मैफली करू लागले. पुस्तक खपावे म्हणून गायक पाठवले गेले होते. आता गायक खपू लागले आणि पुस्तक मागे पडले. ज्या सभागृहांत पूर्वी सगळे गात, तेथे आता चौघे गात आणि शेकडो ऐकत.

आज काय उरले आहे?

व्हॉन यांचे ९ फेब्रुवारी १९४१ रोजी लॉरेन्सबर्ग येथे निधन झाले. कंपनी पुत्र ग्लेन कीफर यांनी पुढे चालवली. नंतर ती इतरांकडे गेली. सन १९७२मध्ये गॉस्पेल म्युझिक असोसिएशनने त्यांना आपल्या मानकरी मंडळात स्थान दिले. लॉरेन्सबर्ग स्वतःला सदर्न गॉस्पेलचे जन्मस्थान म्हणवते. गावात व्हॉन यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि त्यांच्या नावाने क्वार्टेट महोत्सवही भरत आला आहे.

आजच्या लहान गानसंघाने दाराशी मांडलेले टेबल हे १९१०मधल्या त्या पुस्तकांच्या गठ्ठ्याचे थेट वारस आहे. फरक एकच. ध्वनिमुद्रिका घेऊन घरी गेलेला माणूस त्या संघाला ऐकतो. पुस्तक घेऊन गेलेला माणूस स्वतः गात असे आणि शेजाऱ्यालाही गायला बसवत असे. व्हॉन यांचे काम एका गावातून अनेक राज्यांत पसरले, ते त्यांच्या चौघांच्या आवाजाइतकेच त्यामागच्या गानशाळांमुळे. आकारांची लिपी शिकवणाऱ्या उन्हाळी गानशाळा दक्षिणेत आजही काही ठिकाणी भरतात. तेथे मुले त्रिकोण, चौरस आणि गोल ओळखत पहिल्यांदा सूर लावतात, तेव्हा समोर श्रोते नसतात. सगळेच गात असतात.