एकाच दौतीतून लावणी आणि रामायण

औंध म्हटले की यमाईचा डोंगर, श्रीभवानी चित्रसंग्रहालय आणि बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे सूर्यनमस्कार आठवतात. शरीर कमवावे आणि मन ताब्यात ठेवावे, हे संस्कार या संस्थानातील शाळांतून होत असत. याच संस्थानात शिकलेला एक तरुण १९३८ साली पडद्यावर आला, तो ‘ब्रह्मचारी’ या चित्रपटातून. योगायोग असा, की हा चित्रपट अशाच संयमाच्या अतिरेकाची खिल्ली उडविणारा होता. तो तरुण म्हणजे गजानन दिगंबर माडगूळकर, महाराष्ट्राचे लाडके गदिमा.

१ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे त्यांचा जन्म झाला. आज सांगली जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा औंध संस्थानात होते. वडील संस्थानात कारकून. घरात दारिद्र्य पाचवीला पुजलेले. मॅट्रिकची परीक्षा पदरात पडली नाही. पोटासाठी त्यांनी कोल्हापूरची चित्रनगरी गाठली.

‘हंस पिक्चर्स’च्या ‘ब्रह्मचारी’ची कथा आचार्य अत्रे यांची, तर दिग्दर्शक आणि नायक मास्टर विनायक. ब्रह्मचर्यावरील व्याख्यान ऐकून भारावलेला औदुंबर नट्यांची चित्रे फेकून देतो आणि व्यायामाला लागतो. पण किशोरी भेटताच त्याचा निग्रह डळमळतो. पोहण्याच्या पोशाखातील मीनाक्षी शिरोडकर पाहून त्या काळी मोठी खळबळ उडाली. इटलीत फेलिनीने ‘बोकाचिओ ७०’मध्ये नीतिरक्षकाची अशीच फजिती रंगविली, ती १९६२ साली. मराठी पडद्याने हे धाडस २४ वर्षे आधी केले होते. त्यात गदिमांच्या वाट्याला आलेली भूमिका अगदी किरकोळ होती.

पुढे वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणून काम करीत त्यांनी साहित्याचे धडे गिरविले. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ची कथा आणि गीते त्यांचीच. कीर्तनाच्या परंपरेतला ब्राह्मण तमाशाच्या फडात रमतो आणि समाज त्याला वाळीत टाकतो, हा त्याचा विषय. सोवळे आणि शृंगार यांतील हा झगडा गदिमांनी थट्टेवारी न नेता करुणेने मांडला.

१९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुधीर फडके यांच्या संगीतात ‘गीतरामायण’ निनादले. त्यातील ५६ गीते लोकांनी भक्तिभावाने ऐकली. त्याच कवीच्या ‘सांगत्ये ऐका’मधील लावण्यांना १९५९ साली प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. एका घरात दोन्ही नांदू शकतात, हे श्रोत्यांनीच सिद्ध केले.

औंधचे ऋणही त्यांनी फेडले. संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत वसविली होती. त्या प्रयोगावरून त्यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा लिहिली. व्ही. शांताराम यांच्या या चित्रपटाचा १९५८ साली बर्लिन महोत्सवात गौरव झाला.

१९६९ मध्ये ‘पद्मश्री’, १९७३ मध्ये यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, असे मान त्यांना लाभले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. मॅट्रिकच्या उंबरठ्यावर अडलेल्या या मुलाने महाराष्ट्राला देवघरात म्हणायची गाणी दिली आणि फडात म्हणायचीही. आणि त्यातील कोणत्याही गाण्याची लाज बाळगली नाही.