विल्यम जॉन लिटल

विल्यम जॉन लिटल (७ ऑगस्ट, इ.स. १८१० – ७ जुलै, इ.स. १८९४) हे इंग्लिश डॉक्टर आणि इंग्लंडमधील अस्थिव्यंगोपचाराचे एक प्रवर्तक होते.

त्यांचा जन्म लंडन येथे झाला. बालपणी झालेल्या पोलिओमुळे त्यांचे डावे पाऊल वाकडे झाले. जखम चिघळण्याच्या भीतीने त्या काळी टाचेची कंडरा कापणे धोक्याचे मानले जाई. जर्मनीतील हॅनोव्हरचे शल्यचिकित्सक लुई श्ट्रोमायर मात्र त्वचेला लहानसे छिद्र पाडून कंडरा आतल्या आत कापत. इ.स. १८३६ मध्ये लिटल यांनी त्यांच्याकडून ही शस्त्रक्रिया करवून घेतली. पाऊल सुधारल्यावर त्यांनी ती पद्धत आत्मसात केली आणि इ.स. १८३७ पासून इंग्लंडमध्ये रुजवली. अशा रुग्णांसाठी त्यांनी लंडनमध्ये स्वतंत्र रुग्णालय स्थापन केले. तेच पुढे रॉयल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल म्हणून ओळखले गेले.

कठीण प्रसूती, मुदतपूर्व जन्म व जन्मतः श्वास गुदमरणे यांचा बालकांच्या हातापायांतील ताठरपणाशी असलेला संबंध त्यांनी इ.स. १८६१ मध्ये मांडला. हा विकार दीर्घकाळ 'लिटलचा रोग' या नावाने ओळखला जाई; आज त्याचा समावेश सेरेब्रल पाल्सीमध्ये होतो.