अध्याय १६, श्लोक १: अभय आणि आमचे देबूजी



आजपासून सोळावा अध्याय. दैवी संपत्तीचे सव्वीस गुण भगवंतांनी सांगितले, आणि त्यात पहिला मान दिला अभयाला. दान, तप, सत्य, अहिंसा हे सगळे मागून येतात. माउलींनी या एका शब्दापाशी थांबून दोन अगदी घरगुती दाखले दिलेत. जो महापुरात शिरतच नाही त्याला बुडण्याची धास्ती नसते, आणि ज्या घरी पथ्य पाळलं जातं तिथे रोगाची कोणी पर्वा करत नाही. हे वाचताना मी दरवेळी अडखळतो. आपल्या डोक्यात निर्भय माणूस म्हणजे पुरात उडी घेणारा, आणि माउली बोट दाखवतात ते पथ्य पाळणाऱ्याकडे!

हे पथ्याचं अभय मला कळलं ते आमच्या वऱ्हाडातल्या एका माणसाच्या आयुष्यातून. देबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा. तुम्हाला ते शाळेच्या भिंतीवरच्या फोटोतून माहीत असतील, हातात खराटा, अंगावर चिंध्या. मला ते आणखी एका कागदामुळे रोज दिसतात. माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीवर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ असं छापलेलं आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं त्या माणसाच्या नावाची डिग्री घेऊन मी पुण्यात कोड लिहितो. आज त्यांचं चरित्र एकाच बाजूने बघायचंय. लहानपणी त्यांच्या पदरात कोणत्या भीती पडल्या, त्यातल्या कोणत्या त्यांनी टाकल्या आणि कोणत्या मरेपर्यंत जपल्या.

जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावचा. घर परिटाचं. वडील झिंगराजी, आई सखुबाई. त्या काळच्या अशा घरात भीतीचं एक ठरलेलं चक्र होतं. लेकरू तापलं की देव कोपला. देव शांत करायचा तर बकरं कापा, कंदुरी करा. कंदुरी केली की जातभाई जेवायला बोलवा, आणि जेवण म्हटलं की दारू आलीच. खिशात पैसा नसेल तर सावकार बसलेलाच आहे. देवाच्या भीतीने सुरू झालेली गोष्ट सावकाराच्या भीतीपाशी येऊन थांबायची, आणि या सगळ्यात बकऱ्याशिवाय कोणाला काही धोका आहे असं कोणाला वाटायचं नाही. झिंगराजी याच चक्रात सापडले. दारूने शरीर पोखरलं आणि १८८४ मध्ये ते गेले. देबूजी तेव्हा आठ वर्षांचा. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचं चरित्र लिहिलंय, त्यात येतं की जाताना झिंगराजींनी बायकोला बजावलं, तो बकरं मागणारा देव घराबाहेर काढ आणि पोराला या वाटेला जाऊ देऊ नको.

आपल्याला घरातून काय काय मिळतं याचा विचार करताना मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. मरणारा बाप जमीन ठेवून गेला नाही, पैसा ठेवून गेला नाही. त्याने मुलाची भीती बदलली. देवाच्या कोपाला भ्यायचं नाही, दारूला भ्यायचं. आणि सखुबाईने ती अमानत सांभाळली.

सखुबाई पोराला घेऊन माहेरी आली, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला. म्हणजे आमच्याच अकोला जिल्ह्यात. मामाचं घर शेतीचं. देबूजीने गुरं राखली, नांगर धरला, रात्री भजनात रमला. शाळा नाही. १८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. मग मामावर सावकाराचं बालंट आलं. मामा विश्वासाने पैसे फेडत गेला, पावती मागायची ती कधी मागितली नाही, कारण सावकाराकडे पावती मागणं हाच उद्धटपणा समजला जायचा. भीड म्हणा की भीती म्हणा. शेवटी वावर गेलं आणि त्या धसक्याने मामाही गेला. पुढे सावकाराची माणसं वावराचा ताबा घ्यायला आली तेव्हा हा परटाचा भाचा औत सोडून हलला नाही, त्यांना बांधावरून परत लावलं. अख्ख्या पंचक्रोशीत ज्याच्यापुढे मान वर होत नव्हती त्या सावकाराला पड खावी लागली, असं चरित्रात आहे.

हा प्रसंग लोक टाळ्या घेत सांगतात. मला मात्र त्याच्याहून मोठी हिंमत दुसरीकडे दिसते, मुलीच्या बारशाच्या पंगतीत. जातीची रीत अशी की बारशाला मटण आणि दारू पाहिजेच. देबूजीने सगळ्यांना बोलावलं आणि पानात गोडाचं जेवण वाढलं. सावकार काय, परका माणूस. पंगतीत बसतात ते आपले काका-मामा, उद्या खांदा द्यायला येणारे. त्यांच्या रुसण्याची भीती ही वऱ्हाडात सगळ्यात खोल भीती आहे. माझ्या मते आजही आहे.

थोडं आमच्या तेल्हाऱ्याचं सांगतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते उघड होईल. तेल्हारा तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहीर खोदली तर पाणी खारं, म्हणजे पीक आभाळाच्या हवाल्यावर. आमचा कास्तकार जूनमध्ये बियाणं-खतात पैसा घालून कपाशीचा पेरा करतो, पाऊस दगा देईल की नाही हे माहीत नसताना. एवढा मोठा डाव दरवर्षी खेळणारा माणूस, पण त्याला कोणी जोखीम म्हणत नाही, तो धंदाच आहे. मुलीच्या लग्नाला कर्ज काढलं तर तीही जोखीम नाही, ते कर्तव्य. तेरवीला गावजेवण घातलं तर ती रीत. आणि त्याच घरातल्या पोराने सांगितलं की नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करतो, की झालं! आई जेवत नाही, मोठे बाबा फोन करतात, कोणीतरी अंगारा पाठवतं.

आमच्या ऑफिसात प्रोजेक्ट सुरू होताना धोक्यांची यादी करतात. होण्याची शक्यता किती, झालं तर नुकसान किती, दोन्ही आकडे मांडून गुणाकार करायचा. गुणाकार कोणालाही येतो. खरी गोम यादीत काय लिहायचं त्यात असते. ज्याची सगळ्यांना सवय झाली ते यादीत येतच नाही. घराघरातही अशी यादी असते, कागदावर नसलेली, आणि ती आपल्या जन्माच्या आधीच भरलेली असते. देबूजीने ती खोडून नव्याने लिहिली. कर्ज काढून जेवण घालणं हे सगळ्यांच्या लेखी सुरक्षित होतं, त्याने त्याला धोका म्हटलं. पंगत नाराज होणं हा सगळ्यांच्या लेखी धोका होता, त्याने तो पत्करला. (शहरातल्या मंडळींनी हसू नये. प्री-वेडिंग शूटसाठी पर्सनल लोन घेणारे आपल्यातच आहेत.)

१ फेब्रुवारी १९०५. पहाटे देबूजी घरातून निघून गेला. अंगावर फाटकं, हातात काठी आणि मातीचं गाडगं. वय अठ्ठावीस. मागे आई, बायको, लहान मुलं.

इथे कीर्तनकार पटकन पुढे सरकतात. मला सरकता येत नाही. जोखीम त्यांनी घेतली हे खरं, पण ती रोज झेलली कोणी? कुंताबाईंनी आणि सखुबाईंनी. बुद्धांच्या गृहत्यागावर आपण यशोधरेचं निदान नाव तरी घेतो, कुंताबाईंचं नाव किती जणांना आठवतं? पुढे बाबांच्या हातून लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यातलं काही आपल्या घरच्यांना मिळू नये याबद्दल ते फार कडक राहिले. लोक याला वैराग्य म्हणतात आणि ते आहेच. पण त्या वैराग्याचाही भार पुन्हा त्याच घरावर पडला. एखाद्याच्या निर्भयतेचे हप्ते घरातलं दुसरं कोणी भरत असेल तर त्याचा हिशेब कसा मांडायचा, हे मला अजून सुटलेलं नाही. आजच्या श्लोकात त्याचं तयार उत्तर शोधू नये असं मला वाटतं.

बाहेर पडल्यावर त्यांचं काम जिथे मुळापासून दिसतं ते ठिकाण म्हणजे ऋणमोचन. अमरावती जिल्ह्यात पूर्णेच्या काठावर आहे. पौषातल्या रविवारी तिथे जत्रा भरते, आणि नावच सांगतं, इथे बुडी मारली की ऋणातून मोकळं होतो अशी श्रद्धा. आता बघा, कर्जाने पिचलेला माणूस बुडी मारायला येतो, ओल्या कपड्याने घरी जातो, आणि सावकाराची वही जशीच्या तशी. बाबांनी नदीची टिंगल केली नाही की श्रद्धेवर भाषण ठोकलं नाही. आधी काठावरचा चिखल आणि घाण काढली, कारण लोक तिथे घसरून पडत होते. मग १९०८ च्या सुमारास घाट बांधून घेतला. ऋण फेडायचं म्हणजे काय करायचं हे सांगणं नंतर कीर्तनात आलं.

आणि त्या कीर्तनात काय होतं? मुख्यतः भीतीच होती. नवसाची, भुताखेताची, बकरं मागणाऱ्या देवाची. आमच्या वऱ्हाडी बोलीत ते समोरच्या माणसाला साधे प्रश्न विचारत जायचे, उत्तर त्याच्याच तोंडून काढायचे, आणि लोक हसता हसता एकदम गप्प व्हायचे. मग देवकीनंदनाचा गजर, की पुन्हा सुरू. पण भीती सोडा एवढंच सांगून ते थांबले असते तर आजच्या मोटिव्हेशनल व्हिडिओत आणि त्यांच्यात फरक काय राहिला असता? ते लगेच पथ्य सांगायचे. सण साधा करा, कर्ज काढू नका, दारूच्या वाटेला जाऊ नका. आणि जोखीम घ्यायचीच तर एक घ्या, लेकरू शाळेत घाला. त्यासाठी घरातलं ताट विकावं लागलं तर विका, भाकरी हातावर घेऊन खा. गरिबाच्या घरी शाळा म्हणजे खरोखरच जुगार होता. वावरातले दोन हात कमी व्हायचे आणि मोबदला मिळाला तर दहा-पंधरा वर्षांनी. लिहिता न येणाऱ्या माणसाने नेमका हाच डाव मांडायला सांगितला.

त्यांनी पंढरपुरात १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा उभी केली, ज्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्यासाठी. १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. पंढरपुरात, त्या काळात! आयुष्यभराची कमाई देऊन टाकायला हात जराही आखडला नाही, कारण ती आपली कमाई आहे असं त्यांनी कधी मानलंच नव्हतं. नाशिक, आळंदी, देहू, मुंबई, सगळीकडे धर्मशाळा झाल्या. १९२३ मध्ये मुलगा गोविंद कुत्रं चावून गेला. निरोप आला तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. कीर्तन थांबलं नाही. या प्रसंगाला अभय म्हणावं की आणखी काही, मी ठरवत नाही.

एक मात्र नीट बघा. या निर्भय माणसाला काही गोष्टींचं भय शेवटपर्यंत होतं. कोणी पाया पडायला वाकलं की ते काठी उगारायचे. कोणी गुरू म्हटलेलं चालायचं नाही, कोणाला शिष्य म्हणवून घेतलं नाही. पैशाला, मानाला, ऐषआरामाला ते असे बिचकायचे जसा मधुमेहाचा माणूस साखरेला. देवाला, जातीला, सावकाराला न भिणारा माणूस स्वतःच्या आत काय शिरू शकतं याला भीत होता. बापाने दारूचं भय दिलं होतं, त्यांनी त्या एका भयाला वाढवत नेलं आणि अंगात चढणाऱ्या प्रत्येक नशेला लावलं. पुरात न शिरणारा माणूस तो हाच, असं मला माउलींचा दाखला वाचताना आता वाटतं.

८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याला त्यांचं शेवटचं कीर्तन झालं. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडीतच गाडगेबाबांनी प्राण सोडला. ना स्वतःचं घर, ना मठ, ना गादी. मृत्यूही रस्त्यावर आला. समाधी अमरावतीत, आज ज्याला गाडगेनगर म्हणतात तिथे आहे. वलगावच्या त्या पुलावरून जाणार असाल तर दोन मिनिटं गाडी बाजूला घ्या.

उद्या दुसरा गुण घेऊ, सत्त्वसंशुद्धी. तोवर एक गृहपाठ, जमलं तर करा. आपापल्या घरातली ती न लिहिलेली यादी कागदावर उतरवून बघा, आणि कोणत्या नोंदी कोणाच्या हातच्या आहेत ते आईला विचारा. मी माझ्या आईला विचारलं तेव्हा तिने अर्ध्या नोंदी आजीच्या नावावर लावल्या, आणि उरलेल्या अर्ध्या माझ्या.

राम कृष्ण हरी.