धामारीचे ४०० रुपये ते दीड लाखांची लूट : वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड पैशांवर कसं अडलं?

आज शिरूरहून दौंडला पैसे पाठवायचे तर मोबाईल पुरतो. पण १८७९ मध्ये पैसा म्हणजे चांदीचा रुपया. एका रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम. तो मोजायचा, थैलीत बांधायचा आणि पाठीवर किंवा जनावरावर लादून न्यायचा. वाटेत लुटला गेला तर संपलं.

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या आयुष्यात हाच पैसा पुन्हा पुन्हा आडवा आला.

हिशेब खात्यातला कारकून

फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा, पनवेलजवळच्या शिरढोणचा. मुंबईत काही नोकऱ्या करून ते पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात लागले. सरकारचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे रोज त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही. ते गावी पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. सरकारवरचा राग तिथून वाढत गेला.

पुढे १८७६ ते ७८ चा दुष्काळ आला. शिरूर आणि तेव्हाचा भीमथडी तालुका, म्हणजे आजचा दौंड-बारामतीचा भाग, आधीच कर्जाने पिचला होता. १८७५ मध्ये इथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली होती. फडक्यांनी गावोगाव फिरून लोकांचे हाल पाहिले आणि नोकरी सोडून बंडाची तयारी सुरू केली.

बंडाला माणसं हवीत, माणसांना पगार आणि शस्त्रं हवीत. पुण्यातल्या श्रीमंतांकडून मदत मिळेना. मग फडक्यांनी रामोशी आणि इतर समाजातली माणसं जमवली.

पहिली धाड धामारीवर

फेब्रुवारी १८७९. शिरूर तालुक्यातल्या धामारी गावात कराची रक्कम एका व्यापाऱ्याच्या घरी ठेवलेली होती. गावात बँक नाही, तिजोरी तालुक्याला. तोवर भरवशाचं घर हीच तिजोरी. पण पैसा कुठे आहे हे गावाला माहीत असलं की तो सुरक्षित राहत नाही. फडक्यांच्या हाती सुमारे ४०० रुपये लागले. वजन जेमतेम पावणेपाच किलो, एका माणसाला सहज नेता येईल एवढं.

पण एवढ्यात सैन्य उभं राहणार नव्हतं. त्यात बऱ्याच साथीदारांचं लक्ष वाटणीकडे होतं. फडके निराश होऊन श्रीशैलम मल्लिकार्जुनाला निघून गेले.

घाटात अडकलेली लूट

इकडे त्यांचे सहकारी दौलतराव नाईक यांनी मे १८७९ मध्ये कोकणात पळस्पे आणि चिखली इथे धाडी घातल्या. लूट दीड लाखांपर्यंत सांगितली जाते. ती सगळी रुपयांत धरली तर वजन होतं जवळपास पावणेदोन टन! त्यात दागिने असले, तरी एवढा ऐवज घेऊन घाट चढायचा म्हणजे वेग कमी होणार, हे उघड आहे. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने त्यांना गाठलं. दौलतराव मारले गेले आणि बंडाचा कणा मोडला.

सरकारने फडक्यांना पकडण्यासाठी बक्षीस लावलं. फडक्यांनी उलट मुंबईच्या गव्हर्नरच्या शिरावर बक्षीस जाहीर केलं! पण जुलै १८७९ मध्ये ते आजच्या कर्नाटकातल्या देवर नावडगी इथे पकडले गेले. पुण्यात खटला चालला. त्यांच्या बाजूने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, उभे राहिले. जन्मठेप होऊन फडक्यांची रवानगी एडनला झाली. तिथल्या तुरुंगातून ते एकदा दार उखडून निसटले, पण पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ ला एडनमध्येच त्यांचा मृत्यू झाला.

फडक्यांना पैसा स्वतःसाठी नको होता. पण तो उभा करणं, सांभाळणं आणि घाटापार नेणं ही वेगळीच लढाई होती. इंग्रजांकडे त्यासाठी खजिने, पहारे आणि रेल्वे होती. फडक्यांकडे होते मूठभर साथीदार आणि डोंगरवाटा.