ट्राम यायच्या आधी डेटा वाचवणारा माणूस: नानाभाई मूस

दादर स्टेशनवर मी फोनचा कंपास उघडला. लोकल आत आली तशी सुई भरकटली, आणि मला कुलाब्याचे नानाभाई मूस आठवले.

जन्म 1859 चा. एडिनबरोत शिकले, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलं आणि 1896 मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तिथे 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी चालू होत्या. पण मुंबईत विजेची ट्राम येणार होती, आणि तिच्या करंटने सगळ्या नोंदी बिघडल्या असत्या. मूस यांनी 1904 मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. बांधकामात लोखंड टाळलं. कुलाबा मात्र लगेच बंद नाही केलं. सुमारे दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजलं. त्यामुळे दोन जागांमधला फरक कळला आणि जुना-नवा डेटा जोडता आला. ट्राम धावली 1907 मध्ये.

वायू तपासणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवरही तत्त्व हेच. सेटिंग बदलली की ओळखीचा कॅलिब्रेशन गॅस पुन्हा मोजायचा, म्हणजे आधीचे आणि नंतरचे आकडे जुळवता येतात.

मूस 1936 मध्ये गेले. अलिबागची नोंद आजही चालू आहे. आणि तुम्ही कंपास उघडाल तेव्हा लोखंडापासून जरा लांब उभे राहा.